अर्ध्या तासाचा समुद्र

२६ डिसेंबर १९८१, शनिवार

ब्रिजेट गेली. फेरीच्या धक्क्यावर मला म्हणाली, "मम्मी, डॅडी मला दोनदा नर्स म्हणाले." मी म्हटलं, "सारखी त्याला गोळ्या घे, पाणी घे म्हणत मागे लागतेस, मग दुसरं काय म्हणणार?" हसली, पण डोळे भरले होते. क्वालालंपूरला शाळेत शिकवते, त्यामुळे आईबापाची काळजीही तिला सुटीतच करावी लागते.

नाताळच्या उरल्यासुरल्या मांसाचा डेव्हल रस्सा केला, नेहमीसारखा जहाल. युस्टेसनं दोनदा घेतला आणि नाक पुसत म्हणाला, "सेली, तू मला मारणार आहेस." जीव निवला. हल्ली माझं नाव त्याच्या तोंडून आलं की तो दिवस चांगला म्हणायचा.

बाकी विसरणं वाढतंय. चष्मा, चपला, दात हे रोजचंच. परवा न्हाणीघराची वाट विसरला. दुपारचा हिशेब मात्र चुकत नाही. मोतीबिंदूमुळे डॉक्टरनं सूर्याकडे बघायची बंदी केली, तेव्हापासून अंगणात एक बांबू ताठ रोवलाय आणि त्याच्याभोवती सिमेंटवर खडूचं वर्तुळ. सकाळी सावली आखडत येऊन वर्तुळाला शिवते ती वेळ तो टिपतो. उतरत्या उन्हात लांबत जाऊन पुन्हा शिवते तीही टिपतो. दोन्हींच्या बरोबर मध्ये आमची खरी दुपार. त्यातून साडेसात तास वजा केले की त्या क्षणी ग्रीनिचला किती वाजले होते ते कळतं, आणि त्यावरून ग्रीनिचपासून पूर्वेला आपण रेखांशाच्या कितव्या रेघेवर आहोत ते. चार मिनिटांना एक रेघ. सगळी उमर जहाजावर त्यानं हेच केलं. उत्तर शंभराच्या जरासं पुढे येतं. मग खडू खिशात टाकून म्हणतो, "पेनांग. घरी आहोत."

त्यानंतर झोपेपर्यंत तो खरोखर घरी असतो. उत्तर यायच्या आधी तो कुठे असेल ते देवच जाणे.

कान गेल्यापासून रेडिओचे ठोके त्याला ऐकू येत नाहीत, म्हणून त्याचं घड्याळ रोज सकाळी मी लावून देते. संसारात एवढं एक यंत्र त्यानं माझ्या हाती दिलंय.

३१ डिसेंबर, गुरुवार

मागच्या गल्लीतले पाक साद आले होते. मी त्यांना पाक म्हणजे काका म्हणते, ते मला काक म्हणजे ताई. सुराऊत, म्हणजे गल्लीतल्या छोट्या मशिदीत, पाचही वेळा बांग देतात, आणि मधल्या वेळात आमच्याकडे कॉफी पितात.

"काक सेली, आज सरकार आपला अर्धा तास घेऊन जाणार. पावती मागून ठेवा."

वर्तमानपत्रात आलंच होतं. समुद्रापलीकडच्या आपल्या राज्यांची आणि आमची वेळ एक करायची म्हणून सगळी घड्याळं अर्धा तास पुढे.

"मग तुमच्या बांगेचं काय?" मी विचारलं.

"बांग सूर्याची. सूर्याचं नाव मतदारयादीत नाही."

युस्टेसच्या कानाशी तोंड नेऊन मी मोठ्यानं सांगितलं. तो म्हणाला, "जमिनीवरच्या लोकांना घड्याळाशी खेळायला वेळ असतो." कॉफी संपेपर्यंत विसरलाही.

१ जानेवारी १९८२, शुक्रवार

नवं वर्ष. चर्चमध्ये निम्मी माणसं उशिरा आली आणि सगळ्यांनी सरकारवर ढकललं. नेहमी उशिरा येतात ती माणसंसुद्धा.

दुपारी युस्टेसचं गणित चुकलं. त्यानं पुसून पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा. मग स्वयंपाकघराच्या दारात आला, टोपी हातात घेऊन.

"माफ करा बाई. आपण कोलंबोला चाललात ना?"

मला वाटलं थट्टा करतोय. तरुणपणी करायचा. मी म्हटलं, "हो, आणि तिकीट तूच काढलंस."

तो हसला नाही. "निघून दोन दिवस झालेले दिसतात. सुमात्राचं टोक मागे पडलंय. इथून मोकळा समुद्र, जहाज जरा हलेल. घाबरू नका."

मला 'बाई' म्हणाला. 'आपण' म्हणाला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली आमच्या.

३ जानेवारी, रविवार

आजही तेच. काल रात्री मी त्याचा हात धरून म्हटलं, "युस्टेस, मी सेली." त्यानं हात हळूच सोडवून घेतला, मला वाईट वाटू नये अशा बेतानं.

"सेली माझ्या बायकोचं नाव. ती पेनांगला असते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

झोपायला बाहेरच्या वेताच्या खुर्चीवर गेला. परक्या बाईच्या खोलीत कसा झोपेल?

४ जानेवारी, सोमवार

आता नवीनच. चार दिवस उत्तर एकच येतंय, म्हणजे जहाज हलत नाहीये. इंजिन बंद पडलंय आणि कप्तान लपवतोय, असं त्याचं म्हणणं. सारखा अंगणात येरझारा. ताटातला मासा माझ्या ताटात टाकला, म्हणे, "पाणी आणि अन्न आधी उतारूंना." काल काही खाल्लं नाही, आजही नाही.

ब्रिजेटला फोन केला. डॉक्टरांशी बोलते म्हणाली. मग जरा थांबून, "मम्मी, अशा माणसांना ठेवून घेणारी एक चांगली जागा आहे इथे." मी फोन ठेवला. मला तिचा राग आलेला नाही. तो मला विसरला तर विसरू दे, पण मी इथे असताना त्यानं समुद्रात मरावं हे मला चालणार नाही.

५ जानेवारी, मंगळवार

किती मूर्ख मी!

पाक साद सहज म्हणाले, "दुपारची बांग आता माझ्या घड्याळात सव्वाच्या पुढे जाते. सूर्य तोच, बांग तीच, घड्याळ तेवढं शहाणं झालं." आणि माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा युस्टेस एकदा इपोहचा पोमेलो, पपनसासारखं मोठं फळ, घेऊन आला. बाबांना वाटलं खायला आणलाय. त्यानं तो टेबलावर ठेवला आणि सुरीनं देठापासून बुडापर्यंत सालीवर रेघा ओढल्या. म्हणाला, "सेली, ही पृथ्वी. दिवसभरात एकदा पुरी फिरते. चार मिनिटांत एक रेघ सूर्यासमोरून जाते. तू घरच्या घड्याळाकडे बघ, मी समुद्रावर सूर्याकडे बघतो. दोघांत जेवढा फरक तेवढा मी तुझ्यापासून लांब." आई पडद्याआडून ऐकत होती. नंतर म्हणाली, असलं प्रेमाचं बोलणं मी कधी ऐकलं नाही, आणि कळलं तर मुळीच नाही. मला कळलं होतं. पुढे तो समुद्रावर असताना मी दुपारी भांडी घासता घासता अंदाज बांधायची, आता त्याच्याकडे सूर्य डोक्यावर यायचा असेल.

अर्धा तास म्हणजे साडेसात रेघा. नव्या वेळेतून तो अजून जुनेच साडेसात तास वजा करतोय, लढाई संपल्यापासून करतोय तसे. रेडिओवर घड्याळ लावून मीच त्याला रोज सकाळी सुमात्राच्या पलीकडे ढकलत होते.

६ जानेवारी, बुधवार

सकाळी घड्याळ अर्धा तास मागे करून दिलं. वाटलं, दुपारी घरी येईल.

उत्तर बरोबर आलं. शंभर आणि थोडं. तो बघतच राहिला. मग घड्याळ कानाशी धरलं, ऐकू येत नाही तरी. "एका दिवसात एवढं अंतर? आमच्या जहाजाच्या आजोबांनाही जमायचं नाही." घड्याळ बिघडलंय असं ठरवून त्यानं ते काढून ठेवलं, आणि मग सगळाच धीर गेला त्याचा. घड्याळ खोटं असेल तर आधीचं काहीच खरं नाही. मी चहा नेला तर कपाकडे बघेना. मला म्हणाला, "बाई, तुम्हाला ठाऊक आहे का, आपण कुठे आहोत?"

मी कप उचलला. चहा मीच पाजला.

८ जानेवारी, शुक्रवार

काल जहाजाच्या वायरलेसवाल्यानं घड्याळ दुरुस्त करून दिलं असं सांगून पुन्हा रेडिओची वेळ लावली. पुन्हा सुमात्राच्या पलीकडे. पण निदान कुठेतरी. झोपला.

आज विचार करून ठरवलंय. ओढून आणता येत नसेल तर जहाजानंच आणायचा. उद्यापासून घड्याळ रोज थोडंथोडं मागे.

९ जानेवारी, शनिवार

दोन मिनिटं मागे केलं. दुपारी खडू हातात धरून जवळजवळ पळत आला. "अर्धी रेघ पूर्वेला! परत फिरलंय, बाई. एका बॉयलरवर चाललेलं दिसतंय, पण घराकडे." भात वाढला, दोनदा घेतला. मी मोरीशी जाऊन रडून घेतलं.

पाक साद म्हणाले, "कप्तान काक सेली, सलाम."

१२ जानेवारी, मंगळवार

अर्धी रेघ रोज. तो खातो, झोपतो, संध्याकाळी माझ्याशेजारी बसून गप्पा मारतो. उतारूंशी गप्पा मारणं अधिकाऱ्याचं काम असतं म्हणे. आज बायकोबद्दल बोलला.

"फार तिखट करते. हातानं आणि जिभेनंही."

"मग सहन कसं करता?"

"वर्षातले नऊ महिने समुद्रावर असतो ना."

इतकी हसले की पाक साद कुंपणावरून डोकावले. मग तो म्हणाला, "धक्क्यावर उतरलो की मी आधी तिचे हात बघतो. मागच्या वेळेपेक्षा खरखरीत झालेले असतात. मी नसताना किती ओढलं ते हातावर दिसतं."

"कधी सांगितलंत तिला?"

"घरी गेलं की नळ गळत असतो," तो म्हणाला. "छपराचं काम निघतं. राहून जातं."

मी हात एप्रनखाली घेतले.

१५ जानेवारी, शुक्रवार

ब्रिजेटचा फोन. सगळं सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "मग रोज चार मिनिटं कर ना मम्मी. आठ कर. बोटी तेवढ्या जातात." मी म्हटलं, घाई केली तर पुन्हा बिघडेल. ती म्हणाली, "सहा तारखेला बिघडलं कारण तू अर्धा तास केलास. आठ मिनिटांनी काय होतंय?" शिक्षकाला मुलगी द्यावी, मुलीला शिक्षक करू नये.

सावध राहिलेलं बरं. दोनच मिनिटं.

आज त्यानं मला तारे दाखवले. त्याला दिसत नाहीत, बोट दाखवेल तिकडे मी बघायचं. सगळी उमर मी किनाऱ्यावर काढली. तो समुद्रावर संध्याकाळी काय करत असेल हे मला कधी ठाऊक नव्हतं. हे करत असेल.

१७ जानेवारी, रविवार

दिवसभर मळभ, सावली पडली नाही. मला वाटलं अस्वस्थ होईल. म्हणाला, "होतं असं. घाबरू नका, मी आहे." चर्चला गेले नाही. जहाजावर कुठलं चर्च?

सुजीचा केक केला, बदाम घालून. म्हणाला, जहाजावरच्या भटारखान्यात असा केक होतो यावर घरी कुणाचा विश्वास बसणार नाही.

२० जानेवारी, बुधवार

पाक सादांनी आज टोमणा मारला. "काक सेली, तुमचं जहाज एवढं हळू चाललंय की मी पोहत जाऊन कोलंबोहून परत येईन." मी त्यांना कॉफी दिली नाही.

दुपारी युस्टेस फार वेळ गणिताकडे बघत बसला. मग मला म्हणाला, "असा सुकाणूवाला मी कधी पाहिला नाही. वाऱ्यानं फरक नाही, प्रवाहानं नाही. रोज बरोबर अर्धी रेघ. समुद्र एवढा नीटनेटका नसतो, बाई."

"कप्तान चांगला असेल," मी म्हटलं.

"चांगला आहे." घड्याळ काढून त्यानं दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं, उद्या लावायला. "त्याला घाई नाही. मलाही आता तेवढी राहिली नाही."

मी गारच पडले. सेलीकडे जायची त्याला घाई नाही! या कोण कुठल्या बाई गप्पा मारायला सापडल्या, तर बायको राहिली धक्क्यावर. मी तिच्या जागी उभी राहून पाहिलं आणि मला इतका संताप आला की भांडी आपटली. त्याला ऐकू येत नाही हे एक बरं.

बस झालं. दीडच रेघ उरलीय, तीन दिवसांत संपेल. परवा ब्रिजेट येतेय चिनी नववर्षाच्या सुटीला, शनिवारी बंदर.

२२ जानेवारी, शुक्रवार

ब्रिजेट आली. तिला बघून म्हणाला, "नवीन उतारू?" ती म्हणाली, "हो, मध्येच चढले." गुणी आहे पोर.

एक गोष्ट लक्षात आली आणि झोप उडाली. उद्या जहाज लागलं की तो सेलीला धक्क्यावर शोधणार. मी जहाजावर असले तर धक्क्यावर कोण? या बाईला उद्या नाहीसं व्हायला हवं.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "उद्या गर्दी असेल. आत्ताच निरोप घेते."

तो उठून उभा राहिला. टोपी काढली. "तुम्ही होतात म्हणून हे जहाज सोसलं मला. आमच्या घरी या जेवायला. सेली आरडाओरडा करेल, पण पोटभर वाढेल."

"येईन," मी म्हटलं.

आत येऊन फार रडले. बंदर जवळ आल्यावर रडायचं काय कारण, ते मला कळलं नाही.

२३ जानेवारी, शनिवार

दुपारी ब्रिजेटला त्याच्याजवळ बसवलं. हिरवा झगा घातला, पावडर लावली, आणि मागच्या दारानं निघून सुराऊच्या गल्लीतून वळसा घालून आमच्याच फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. शेजारणी बघत होत्या. बघू देत. पूर्वी बंदरावर तासन्‌तास उभी राहायची तशीच उभी होते. आज तर तो पंधरा पावलांवर होता.

बऱ्याच वेळानं आतून ब्रिजेटचा 'पेनांग आलं' असा आवाज आला. मग दार उघडलं. पाक साद त्याची जुनी बॅग घेऊन पुढे, तो मागे, टोपी नीट घातलेली. पायऱ्या उतरताना शिडी उतरतात तसा कठड्याला धरून उतरला. फाटकापाशी थांबला. मला वाटलं, आता 'बाई' म्हणतो. 

त्यानं माझे दोन्ही हात घेतले, उलटे केले, आणि बघत राहिला.

"सेली," म्हणाला, "किती काम केलंस गं."

पाक सादांनी तोंड फिरवलं. ब्रिजेट आत पळाली. मी त्याला हाताला धरून आत नेलं.

घरात सगळीकडे हात लावत फिरला. नळ गळतोय का पाहिलं. त्याचं घड्याळ आता कायम जुन्या वेळेवर राहील. ब्रिजेट म्हणाली, "मम्मी, या घरात सगळं जग तुमच्या अर्धा तास पुढे असणार." मी म्हटलं, जाऊ दे की पुढे.

जेवायला बसलो तर म्हणाला, "एक पान जास्त मांड. जहाजावर एक बाई होत्या, त्यांना बोलावलंय मी." मी मांडलं. ब्रिजेट माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं हात धुतले आणि थांबला. रस्सा निवला. दोनदा दाराशी जाऊन बघून आला.

"विसरल्या असतील," मी म्हटलं. "खा तू."

जेवला. बराच वेळ त्या रिकाम्या बशीकडे बघत होता. मग माझ्या कानाशी वाकला, स्वतःचे कान गेलेत तर सगळ्यांचेच गेलेत असं त्याला वाटतं.

"सेली, तू धक्क्यावर होतीस. एकट्याच होत्या गं त्या. त्यांना न्यायला कुणी आलं होतं का, पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हटलं. "आलं होतं."